बेस गिटारचं रेकॉर्डिंग: वायरीतून, माइकमधून की दोन्हींतून?

बेस गिटार रेकॉर्ड करायचे दोन रस्ते आहेत. एक, गिटारची केबल थेट इंटरफेसमध्ये (आवाज कंप्युटरला देणारं यंत्र) किंवा डीआय बॉक्समध्ये (गिटारचा सिग्नल माइकच्या पातळीला आणणारी डबी) खोचायची. याला ‘डायरेक्ट घेणं’ किंवा नुसतं ‘डीआय’ म्हणतात. दुसरा, गिटार ॲम्पला जोडायची आणि ॲम्पच्या स्पीकरसमोर माइक उभा करायचा. नव्याने शिकणाऱ्याला हमखास वाटतं की पहिला रस्ता काटकसरीचा आणि दुसरा खऱ्या वादकांचा. १९६०च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसनचा फेंडर प्रिसिजन बेस ॲम्पला वळसा घालून सरळ मिक्सिंग कन्सोलमध्ये जात असे, आणि त्या आवाजाच्या मागे लोक आजही धावतात. तेव्हा वायरीतून घेतलेल्या बेसला कमी लेखू नका.

आमचा सल्ला सरळ आहे. डीआय दर वेळी घ्या. ॲम्प चांगला असेल, खोली साथ देत असेल, तर जोडीला माइक घ्या. आणि दोन्ही घेतलेत तर ते एकमेकांना खात नाहीत ना, हे मिक्सिंगला हात लावण्याआधी तपासा. या शेवटच्या कामात सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून खाली त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी गिटार

रेकॉर्डिंगमध्ये जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं माइक किंवा डीआयच्या आधीच ठरलेलं असतं. तारा जुन्या, काळवंडलेल्या असतील तर कोणताही प्लगइन (कंप्युटरमधला इफेक्ट) त्यांना तरुण करत नाही. नव्या राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या, खरखरीत) तारा रेकॉर्डिंगच्या एक-दोन दिवस आधी चढवा. चढवल्या चढवल्या त्या ताणत राहतात, सूर उतरतो आणि आवाजात एक धातूचा किणकिणाट असतो, जो गाण्यात टोचतो. जुन्या सोल संगीतासारखा गोल, बुटका आवाज हवा असेल तर फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लावा आणि ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा एक तुकडा सरकवा. जेमरसनच्या गिटारवर या दोन्ही गोष्टी होत्या.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, मुंबईत आणि गोव्यात, लाकडी मान हवेतल्या दमटपणाने हलते आणि उन्हाळ्यात नीट वाजणारी गिटार जुलैत खरखरू लागते. तपासायची पद्धत सोपी आहे. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट पाहा. साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. फट फार असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घट्ट करावा लागतो, अजिबात नसेल तर सैल. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको. आधी हे केलं नसेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

मग बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर आणि त्याच जागचा हार्मोनिक ट्यूनरवर जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर गाण्यात बेस उगाचच ‘बेसूर वाटतो पण कळत नाही का’ असा होतो. पिकअप (तारांखालचा, कंपनांचा सिग्नल करणारा चुंबकी तुकडा) तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक जाड तारेला ओढतो आणि लांब धरलेला सूर डगमगतो. अशा वेळी पिकअप थोडा खाली उतरवा. प्रत्येक टेकच्या आधी पुन्हा ट्यून करा. हो, प्रत्येक.

गिटार ॲक्टिव्ह असेल, म्हणजे आत ९ व्होल्टची बॅटरी असेल, तर नवी बॅटरी टाका. जॅक खोचलेला असेपर्यंत ती खर्च होत राहते, आणि उतरत चाललेली बॅटरी आवाज बंद करण्याआधी तो फाटका करते. लोक मग तास तास इंटरफेसला दोष देत बसतात.

डीआय: वायरीचा रस्ता

१. गिटारपासून इंटरफेसपर्यंत ३ ते ५ मीटरची चांगली केबल वापरा. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या गिटारच्या, पिकअपला लांब केबल सोसत नाही. केबलच्या प्रत्येक मीटरमागे वरचा टोकदारपणा थोडा थोडा गळत जातो.

२. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ असं लिहिलेलं बटण शोधा आणि दाबा. हे विसरणं ही नवशिक्याची पहिल्या क्रमांकाची चूक. पॅसिव्ह पिकअपला समोर सुमारे १ मेगाओहमची इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) लागते. लाइन इनपुटची असते साधारण १० किलोओहम. तिथे जोडलं की पिकअपवर ओझं पडतं, वरच्या फ्रिक्वेन्सी मरतात आणि बेस गोधडीखालून वाजल्यासारखा येतो. आवाज मिळमिळीत वाटला की इक्वलायझर उघडण्याआधी हे बटण पाहा.

३. गाण्यातला सर्वांत जोरकस भाग, जसा टेकमध्ये वाजवणार आहात तसाच, वाजवा आणि गेन (इनपुटची पातळी वाढवणारा नॉब) असा ठेवा की सर्वांत मोठा ठोका मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास जाईल. प्रोजेक्ट २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवा. २४ बिटमध्ये थोडा हलका घेतलेला सिग्नल नंतर वाढवला तरी बिघडत नाही, पण इंटरफेसमध्ये फाटलेला सिग्नल कोणी शिवू शकत नाही. स्लॅप वाजवणार असाल तर आणखी ६ डेसिबल जागा सोडा. अंगठ्याचा फटका आणि खेचलेली तार मीटरला चकवून वर उडी मारतात.

४. वाजवताना ऐकायचं कसं? इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ असेल तर तो सुरू करा, म्हणजे सिग्नल कंप्युटरमधून फिरून येत नाही. प्लगइनमधून ऐकायचंच असेल तर बफर (कंप्युटर एका दमात घेतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल किंवा कमी ठेवा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे जाताना सुमारे २.७ मिलिसेकंद, येतानाचे आणि इंटरफेसचे धरून हा आकडा दुपटीच्या वर जातो. बफर १०२४ वर राहिला तर वादक स्वतःच्याच आवाजाच्या मागे धावतो आणि टेक ढिला होतो.

५. टेक झाला की तो हेडफोनवर एकट्याने ऐका. बोटांची खरखर, फ्रेटवर आपटणारी तार, दोन सुरांमधली मोकळी राहिलेली ए तार या गोष्टी डीआयमध्ये लपत नाहीत. गाण्यात त्यातल्या काही चालून जातात, पण मोकळ्या तारेची गुणगुण चालत नाही.

वेगळा डीआय बॉक्स केव्हा लागतो? इंटरफेसला इन्स्ट्रुमेंट इनपुट नसेल तेव्हा, गिटार इंटरफेसपासून लांब असेल तेव्हा, किंवा एकाच वेळी ॲम्पलाही सिग्नल द्यायचा असेल तेव्हा. निवडताना साधा नियम असा: पॅसिव्ह गिटारला ॲक्टिव्ह डीआय, ॲक्टिव्ह गिटारला पॅसिव्ह डीआय. ॲक्टिव्ह डीआय बॉक्स पिकअपवर ओझं टाकत नाही, पण त्याला बॅटरी किंवा इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो. पॅसिव्ह बॉक्समध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला वीज लागत नाही आणि जोरकस सिग्नल तो शांतपणे पचवतो. बॉक्समधून बाहेर पडणारा एक्सएलआर सिग्नल माइकच्या पातळीचा असतो, म्हणून तो माइक इनपुटलाच लावायचा, आणि तिथे ‘इन्स्ट’ बटण बंद ठेवायचं. एक्सएलआर केबल ३० मीटर असली तरी काळजी नाही.

हम: ५० हर्ट्झची कटकट

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा सूर ४९ हर्ट्झवर, आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झवर. म्हणजे विजेचा हम (तिची सलग घूं) आणि त्याचा दुप्पट भाऊ दोघेही बेसच्या जी सुराच्या मांडीवरच बसलेले असतात. इक्वलायझरने हम कापायला गेलात तर जी सूरही कापला जातो. म्हणून हम उगमापाशीच मारावा लागतो.

क्रमाने तपासा. लॅपटॉपचा चार्जर काढा. बारीक किणकिण किंवा माउस हलवल्यावर बदलणारी चिरचिर त्याचीच असते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमरवाले दिवे बंद करा. त्यांची टोचरी भुणभुण पिकअप झेलतो. गिटार घेऊन खुर्चीवर जागच्या जागी फिरून पाहा: एखाद्या दिशेला हम कमी होत असेल तर तो हवेतून पिकअपमध्ये शिरतोय, तेव्हा त्याच दिशेला तोंड करून वाजवा. जॅझ बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. त्याचे दोन पिकअप एकमेकांचा हम रद्द करतील अशा बेतानेच गुंडाळलेले असतात. एक नॉब जरा मागे घेतला की हम परत येतो.

हे सगळं करूनही जाड, सलग घूं येत असेल आणि ॲम्प व इंटरफेस वेगवेगळ्या प्लगवर असतील, तर तो अर्थ लूप आहे, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारी वीज. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, मग डीआय बॉक्सवरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ दाबून पाहा. ॲम्पच्या प्लगची जाड अर्थ पिन काढणं हा उपाय म्हणून कोणी सांगितला तर ऐकू नका. हम जाईल, पण बिघाड झाला तर विजेला जायला तुमच्याखेरीज रस्ता उरणार नाही. तारांना आणि माइकच्या जाळीला एकाच वेळी हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटमागे अर्थची वायर असेलच याची खात्री धरता येत नाही.

माइक: स्पीकरचा रस्ता

बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर कंप पावते. या लहरीची लांबी ८ मीटरहून जास्त. १० बाय १२ फुटांच्या बेडरूममध्ये ती पुरी मावतही नाही. ती भिंतींवरून परतते आणि काही सूर फुगवते, काही गिळते. या मापाच्या खोलीत ५६ आणि ४७ हर्ट्झच्या आसपास घुमारा असतो, म्हणजे मोकळा ए आणि ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा एफ शार्प उगाचच मोठे वाजतात. छतही १० फुटांवर असेल तर ए आणखी माजतो. खोलीच्या बरोबर मध्यभागी बसलात तर हेच सूर गायब झाल्यासारखे वाटतात. यातून दोन गोष्टी निघतात. छोट्या खोलीत माइक स्पीकरच्या जवळच ठेवायचा. आणि निर्णय हेडफोनवर घ्यायचा, कारण खोलीतले कान खोटं सांगतात.

शेजाऱ्यांचाही प्रश्न आहे. विसर्जन मिरवणुकीत खिडक्या बंद केल्यावर गाणं विरून जातं आणि फक्त धडधड घरात येते. तुमचा ॲम्प वरच्या मजल्यावर नेमका तसाच पोहोचतो. भिंतीला लावलेल्या फोमने हे थांबत नाही, तो फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी शोषतो. माइकचं काम दिवसा करा किंवा तासावर मिळणाऱ्या जॅम रूममध्ये करा.

कोणता माइक? शुअर एसएम५७ हा बहुतेकांकडे असतो किंवा मिळतो, आणि डीआय जोडीला असेल तर तो पुरतो. खालचं वजन डीआय सांभाळतो. इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२०, सेनहायझर एमडी४२१ आणि एकेजी डी११२ हे बेस कॅबिनेटवरचे (स्पीकरच्या पेटीवरचे) नेहमीचे गडी. बहुतेक माइक स्पीकरजवळ नेले की खालचा आवाज फुगवतात. आरई२०ची रचना अशी आहे की हा फुगवटा जवळपास येतच नाही, म्हणून तो अंतराबाबत कमी लहरी आहे. रिबन माइक बेस स्पीकरच्या अगदी तोंडाशी नेऊ नका, हवेच्या धक्क्याने आतली पातळ पट्टी ताणली जाते.

मांडणी अशी करा.

कॅबिनेट जमिनीवरून ३० ते ४० सेंटिमीटर उचलून मजबूत टेबलावर ठेवा, कोपऱ्यापासून दूर. लादीला चिकटलेलं कॅबिनेट खालचा आवाज फुगवतं आणि लादीही वाजवतं. मोबाइलचा टॉर्च जाळीवर तिरका धरून आतला कोन शोधा. चार किंवा आठ स्पीकर असतील तर हळू आवाजात एकेकाला कान लावा. एखादा खरखरत असतो, तो सोडून द्या. माइक जाळीपासून ५ ते ८ सेंटिमीटरवर ठेवा आणि त्याचं तोंड मधली टोपी आणि कोन जिथे मिळतात त्या रेघेवर रोखा. ही सुरुवातीची जागा. मध्याकडे सरकवलात तर बोटांचा आणि पिकचा टकटकाट वाढतो, कडेकडे नेलात तर आवाज गोल आणि अंधारा होतो. एका वेळी दोन सेंटिमीटरच हलवा, दोन ओळी रेकॉर्ड करा, हेडफोनवर ऐका, मग पुन्हा. दोन सेंटिमीटरचा फरक इक्वलायझरच्या अर्ध्या तासाला भारी पडतो.

कॅबिनेटला ट्वीटर असेल तर त्याचा आवाज वूफरसमोरच्या माइकला जेमतेम मिळतो. तो बंदच ठेवा, म्हणजे खोलीतला आवाज आणि रेकॉर्ड झालेला आवाज यांत फसगत होणार नाही. ॲम्प पूर्ण उघडायची गरज नाही. स्पीकर हलताना दिसेल आणि तुम्हाला बाजूच्या माणसाशी जरा आवाज चढवून बोलावं लागेल, एवढं पुष्कळ.

आता वरपासून खालपर्यंत एकेक सूर लांब धरून वाजवा आणि खोली ऐका. कपाटाची काच, खिडकीचं तावदान, भिंतीवरची फ्रेम, माइक स्टँडचा सैल स्क्रू: प्रत्येकाचा एक लाडका सूर असतो आणि त्या सुराला तो नाचतो. ड्रम सेट त्याच खोलीत असेल तर स्नेअरच्या खालच्या तारा सैल करा, नाहीतर बेसच्या प्रत्येक सुरासोबत सरसर येईल.

सराव करायचा छोटा ॲम्प, ८ इंची स्पीकरवाला, हाताशी असेल तरी वाया जात नाही. त्याच्याकडून वजनाची अपेक्षा ठेवू नका. त्याचा मधला करकरीत आवाज घ्या आणि खालचं सगळं डीआयवर सोपवा.

एक सक्त ताकीद. ॲम्पच्या ‘स्पीकर आउट’मधून इंटरफेसमध्ये केबल कधीही लावू नका. तिथे स्पीकर हलवण्याएवढी ताकद असते, इंटरफेसचं इनपुट जळतं. ट्यूब ॲम्प असेल तर स्पीकर काढून तो चालवलात की त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. इंटरफेसकडे न्यायची जागा म्हणजे ‘डीआय आउट’ किंवा ‘लाइन आउट’ लिहिलेली.

दोन्ही एकाच वेळी

जोडणी अशी: गिटार डीआय बॉक्सच्या इनपुटला. बॉक्सवरच्या ‘थ्रू’ किंवा ‘लिंक’ जॅकमधून दुसरी केबल ॲम्पला. बॉक्सचा एक्सएलआर इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला, माइक दुसऱ्याला. दोन इनपुटच्या बऱ्याच इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण दोन्ही इनपुटना एकच असतं. डीआयसाठी ते दाबलं आणि एसएम५७लाही वीज पोहोचली तर नीट जोडलेल्या केबलवर डायनॅमिक माइकला काही होत नाही.

डीआय बॉक्स नसेल तर ॲम्पच्या मागचा ‘डीआय आउट’ वापरा आणि त्याशेजारचा स्विच ‘प्री’वर ठेवा, म्हणजे ॲम्पच्या नॉबांचा परिणाम त्यावर होणार नाही. तेव्हा ४८ व्होल्ट बंद ठेवा. काही ॲम्पना त्या जागेतून उलटी येणारी वीज मानवत नाही. वाय केबलने सिग्नल दुभागता येतो, पण अर्थ लूपचा हम बहुधा आलाच म्हणून समजा.

आता मुख्य काम. डीआयचा सिग्नल वायरीतून लगेच पोहोचतो. माइकचा सिग्नल स्पीकरपासून हवेतून चालत येतो, आणि हवेत आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ३० सेंटिमीटरवरचा माइक सुमारे ०.९ मिलिसेकंद मागे, ४८ किलोहर्ट्झला ४२ सॅम्पल. एवढ्याशा उशिराने काय होतं? दोन ट्रॅक सारख्या पातळीवर एकत्र वाजवले की ५७० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. बेसची गुरगुर, ज्यामुळे तो छोट्या स्पीकरवरही कळतो, नेमकी तिथेच राहते. माइक ५ सेंटिमीटरवर असेल तर खड्डा साडेतीन हजार हर्ट्झच्या जवळ सरकतो आणि फारसा जाणवत नाही. माइक १ मीटरवर असेल तर १७० हर्ट्झवर येतो आणि बेसचं पोटच रिकामं होतं.

इथे एक घोळ बहुतेकांचा होतो. बेस पातळ झाला की लोक ‘फेज गेली’ (दोन लहरींची वेळ जुळत नाही) म्हणून माइक पुढेमागे करत बसतात. पण ४१ हर्ट्झच्या आठ मीटर लांब लहरीला ३० सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. उशिरामुळे मधला आवाज पोखरतो. खालचा आवाज पार नाहीसा होतो तो पोलॅरिटी उलटी असल्यामुळे: डीआयची लहर वर जाते त्याच क्षणी माइकची खाली. काही ॲम्प आणि चुकीच्या जोडलेल्या केबली हे करतात. म्हणून आधी पोलॅरिटी, मग उशीर, असा क्रम ठेवा.

१. टेक सुरू व्हायच्या आधी डाव्या हाताने तारा दाबून एक कोरडा, आखूड ठोका वाजवा. हा दोन्ही ट्रॅकवर खुणेसारखा राहतो.

२. रेकॉर्डिंग झाल्यावर दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवून त्या ठोक्यावर झूम करा. डीआयची पहिली मोठी हालचाल वर आहे आणि माइकची खाली, असं दिसलं तर माइकच्या ट्रॅकवर पोलॅरिटी उलटायचं बटण दाबा. त्यावर बहुधा शून्याला छेदणारी तिरकी रेघ असते.

३. माइकचा ट्रॅक डावीकडे इतका सरकवा की दोघांची पहिली उठण एका रेषेत येईल. नुसतं अंतर मोजून सरकवू नका. आत डिजिटल प्रोसेसिंग असलेले ॲम्प स्वतःही उशीर लावतात, तेव्हा ठोक्यावर विश्वास ठेवा, मोजपट्टीवर नको.

४. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर, मोनोमध्ये वाजवा आणि खालच्या ई तारेवरचा लांब सूर ऐकत पोलॅरिटीचं बटण चालू-बंद करा. एका बाजूला आवाज भरदार होईल, दुसऱ्या बाजूला कागदासारखा. फरक जितका मोठा तितकी जुळणी चांगली. दोन्हीकडे सारखंच मध्यम वाटत असेल तर जुळणी अजून झालेली नाही.

५. शेवटी माइकचा ट्रॅक पाच-दहा सॅम्पल इकडेतिकडे सरकवून कानाने पक्कं करा. स्पीकर आणि कॅबिनेट स्वतःच वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींची फेज थोडी फिरवतात, त्यामुळे डोळ्याला अचूक दिसणारी जागा कानाला अचूक असेलच असं नाही.

पुढे यातल्या एकाच ट्रॅकवर फिल्टर लावला तर चौथी पायरी पुन्हा करा. साधा हाय-पास (खालचं कापणारा) फिल्टरही फेज फिरवतो, आणि जुळवलेलं गुपचूप सुटतं.

मिसळताना

डीआयचा फेडर आधी वर करा, ड्रमच्या किकसोबत बसवा. मग माइक हळूहळू वाढवा. तो आला असं जाणवलं की किंचित मागे घ्या. बहुतेक गाण्यांत एवढं पुरतं. खाली चिखल वाटला तर माइकच्या ट्रॅकवर १५० ते २०० हर्ट्झच्या खालचं कापा, म्हणजे वजन एकाच जागेहून येईल. कॉम्प्रेसरसाठी (मोठा आवाज दाबणारं साधन) ४:१ प्रमाण, २० ते ३० मिलिसेकंद अटॅक, १०० मिलिसेकंदांच्या आसपास रिलीज, आणि सुई ४ ते ६ डेसिबल हलेल एवढा थ्रेशोल्ड ही सुरुवात. दोन्ही ट्रॅक एका बसमध्ये (दोघांच्या एकत्र वाटेत) नेऊन तिथेच तो लावा. अटॅक फार जलद ठेवलात तर बोटाचा ठोसा जातो आणि बेस मागे बसतो.

मग मोबाइलवर ऐका. त्याचा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही; ई तारेचा सूर कान त्याच्या वरच्या पटींवरून ओळखतो. मोबाइलवर बेस नाहीसा होत असेल तर खालचं वाढवून काही साधणार नाही, ७०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल वाढवा किंवा माइकचा फेडर वर घ्या.

ॲम्पच नसेल तर

डीआयच्या ट्रॅकची प्रत काढा. मूळ ट्रॅक स्वच्छ ठेवा. प्रतीवर आधी २०० ते २५० हर्ट्झचा हाय-पास, त्यानंतर ॲम्पचा प्लगइन आणि कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (त्याच्या आवाजाचा नमुना). न्यूरल ॲम्प मॉडेलर हा प्लगइन मोफत आहे आणि सुरुवातीला पुरून उरतो. हाय-पास डिस्टॉर्शनच्या आधी लावायचा कारण खालच्या जड लहरी डिस्टॉर्शनला भडकवतात आणि सगळं भरड होतं. प्रत मूळ ट्रॅकखाली हळूच मिसळा. पोलॅरिटीची चौथी पायरी इथेही लागू आहे, काही प्लगइन सिग्नल उलटा करतात.

आणि तो मूळ डीआय ट्रॅक, काहीही न लावलेला, गाण्याचं नाव, टेम्पो आणि टेकचा क्रमांक टाकून वेगळा साठवून ठेवा. पुढे चांगला ॲम्प मिळाला तर तोच ट्रॅक इंटरफेसच्या आउटपुटमधून रीॲम्प बॉक्समार्फत ॲम्पला पाठवता येतो आणि समोर माइक लावता येतो, पुन्हा वाजवायची गरज न पडता. रीॲम्प बॉक्स लाइन पातळीचा सिग्नल गिटारच्या पातळीला आणतो. तो नसताना सरळ केबल लावलीत तर ॲम्पचं इनपुट आधीच फाटलेलं असतं आणि अर्थ लूपचा हम सोबत येतो. पाठवताना आउटपुट शून्यापासून हळूहळू वाढवा आणि गिटार थेट लावल्यावर ॲम्पच्या क्लिपचा दिवा जितका लुकलुकायचा, तितकाच लुकलुकेल तिथे थांबा.